विजेचा खांब आणि कांचेचा धागा

जी वस्तु नित्य डोळ्यांपुढें असते तिचा इतिहास विचारण्याची बुद्धि सहसा कोणास होत नाहीं. देवळाचें शिखर, पडक्या गढीचा बुरूज, वेशीबाहेरचा वीरगळ यांच्यापुढें प्रवासी थांबतो, काळ विचारतो, बांधणाऱ्याचें नांव विचारतो. परंतु त्याच वेशीपाशीं उभा असलेला विजेचा खांब कोणी रोवला, कोणत्या अधिकारानें रोवला आणि त्यावरून कोणाकोणाच्या तारा गेल्या, हें विचारणारा विरळाच. वास्तविक गेल्या दोन-तीन पिढ्यांत खेड्याच्या जीवनांत जे मोठे फेरफार झाले त्यांतील बरेच या मुक्या खांबाच्या आधारानेंच गांवांत शिरले आहेत.

पुण्याहून अहिल्यानगरकडे, म्हणजे परवांपरवांपर्यंत ज्यास आपण अहमदनगर म्हणत होतों त्या नगराकडे, जाणाऱ्या रस्त्यावरून वाडेगव्हाणपाशीं वळलें म्हणजे पारनेर तालुक्यांतील राळेगणसिद्धी हें गांव लागतें. पाणी अडविण्याच्या कामामुळें या गांवाचें नांव देशभर झालें. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र पाण्याचा नाहीं, तारेचा आहे. तथापि त्याचा शेवट त्या गांवाचें स्मरण केल्यावांचून करतां येणार नाहीं, याचें कारण पुढें येईलच. महाराष्ट्रांतील पुष्कळ रस्त्यांवर आजकाल विजेच्या तारांच्या खालीं, त्याच खांबांस बांधलेली, एक काळी व बारीक केबल दिसूं लागली आहे. तिच्या पोटांत कांचेचे धागे असतात आणि त्या धाग्यांतून प्रकाशाच्या रूपानें मजकूर धांवतो. विजेच्या खांबानें हा नवा पाहुणा खांद्यावर घेतला, ही गोष्ट दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु तार-खात्याचा आणि वीज-खात्याचा इतिहास ज्यानें पाहिला आहे त्यास ती क्षुल्लक वाटणार नाहीं. कारण जवळजवळ एक शतकभर या दोन खात्यांच्या तारा एकमेकींपासून दूर ठेवण्याकडेच सगळें लक्ष होतें.

आपल्या देशांत आधीं आली ती बातमीची तार; उजेडाची तार फार मागाहून आली. विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरनें १८३९ सालीं कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानाजवळ बांबूंच्या आधारानें तार ताणून तींतून संदेश पाठविण्याचे प्रयोग केले. सरकारनें त्या वेळीं तिकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. पुढें लॉर्ड डलहौसीच्या कारकीर्दींत, १८५१ च्या सुमारास, कलकत्ता ते डायमंड हार्बर ही लहानशी ओळ तयार झाली आणि १८५३ च्या अखेरीस मोठ्या ओळींचें काम हातीं घेण्यांत आलें. २४ मार्च १८५४ रोजीं आग्र्याहून कलकत्त्यास पहिला संदेश पोंचला. त्याच वर्षीं मुंबईही जोडली गेली. आणि फेब्रुवारी १८५५ पासून पैसे भरून तार करण्याची मुभा सर्वसाधारण लोकांस मिळाली. दोनच वर्षांनीं जो उठाव झाला त्यांत या तारांचा सरकारास केवढा उपयोग झाला हें सर्वांस ठाऊकच आहे. तेव्हां या खांबाचा जन्म राज्यकर्त्यांच्या गरजेंतून झाला. तो शेतांतून गेला, शिवारांतून गेला, पण ज्या खेड्याच्या उशाशीं तो उभा राहिला त्या खेड्याचा निरोप त्यावरून क्वचितच गेला असेल.

या खांबास कायद्याचें पाठबळ मिळालें तें १८८५ च्या भारतीय तार कायद्यानें. त्यांतील दहावें कलम आजही वाचण्यासारखें आहे. तार-खात्यास कोणाच्याही जमिनीवरून, जमिनीखालून वा जमिनीलगत तार नेण्याचा व खांब रोवण्याचा अधिकार त्यानें दिला. त्याबरोबर तीन बंधनेंही घातलीं. पहिलें असें कीं, जमिनीवर सरकारचा हक्क केवळ वापरण्यापुरता राहील, मालकीचा होणार नाहीं. दुसरें असें कीं, नुकसान होईल तितकें कमी करावें आणि झालेल्या नुकसानाची पुरी भरपाई द्यावी. तिसरें बंधन विशेष महत्त्वाचें आहे: जी मालमत्ता स्थानिक संस्थेच्या ताब्यांत किंवा देखरेखीखालीं असेल तिच्या बाबतींत त्या संस्थेची परवानगी घेतल्यावांचून हा अधिकार वापरूं नये. एकट्या शेतकऱ्यास नको म्हणण्याची सोय नव्हती, परंतु गांवाच्या वतीनें बोलणाऱ्या संस्थेस विचारल्यावांचून पुढें जातां येत नव्हतें. परकी सरकारनें केलेल्या कायद्यांत इतकी तरी कबुली होती, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

वीज आली ती प्रथम शहरांत. ७ मे १९०७ रोजीं मुंबईंत विजेची ट्राम धांवूं लागली. १९१५ मध्यें खोपोली येथें टाटांचें जलविद्युत्-केंद्र सुरू झालें. १९१० च्या वीज कायद्यानें, तार-खात्यास खांब रोवण्याचे जे अधिकार होते तेच सरकारच्या हुकुमानें वीज-कंपन्यांस देतां येतील अशी तरतूद केली; २००३ च्या कायद्याच्या १६४ व्या कलमांतही तीच तरतूद कायम आहे. म्हणजे विजेच्या खांबाचा अधिकार हा तारेच्या खांबापासून उसना घेतलेला आहे. अधिकार एकाच मुळांतून निघाला, पण खांब मात्र दोन झाले आणि ते दूर दूर राहिले.

ते दूर कां राहिले, याचें कारण पदार्थविज्ञानांत आहे. जुन्या तारयंत्रांत बहुधा एकच तार असे आणि विजेच्या परतीचा मार्ग म्हणून जमिनीचा उपयोग करीत. अशा तारेच्या शेजारून, समांतर, मोठ्या दाबाची वीजवाहिनी गेली कीं तिच्या उलटसुलट होणाऱ्या प्रवाहामुळें तारयंत्राच्या तारेंत आपोआप प्रवाह उत्पन्न होतो. दूरध्वनीच्या कानांत घूं घूं असा आवाज येतो. आणि वीजवाहिनींत कांहीं बिघाड झाला तर यंत्रापाशीं बसलेल्या माणसाच्या जिवासही धोका पोंचतो. या दोन खात्यांनीं एकमेकांस उपद्रव न देतां आपापल्या ओळी न्याव्यात यासाठीं १९४९ मध्यें एक केंद्रीय स्थायी समिति नेमली गेली. मोठ्या दाबाची ओळ कोठून न्यावी, तारेची ओळ ती कोठें ओलांडील, दोहोंमध्यें अंतर किती असावें, हा तिचा विषय. यावरून या दोन तारांच्या वैराची कल्पना येईल.

या काळांत आपल्या भागाच्या अगदीं शेजारीं एक चमत्कारिक गोष्ट घडली. २३ जुलै १९२७ रोजीं विलायतेशीं बिनतारी संदेशांची सोय सुरू झाली. तिच्यासाठीं खडकी व दौंड येथें केंद्रें उभारलीं होतीं. दौंड म्हणजे नगर जिल्ह्याचा उंबरठाच. तेथें लंडनचा संदेश आकाशांतून उतरत होता, आणि भोंवतालच्या बहुसंख्य खेड्यांतील माणसास मुंबईच्या गिरणींत काम करणाऱ्या मुलाचें कुशल कळण्यास पोस्टमनाचीच वाट पाहावी लागत होती. नवी विद्या गांवाच्या जवळून गेली म्हणजे ती गांवास मिळाली असें होत नाहीं. हा अनुभव पुढें पुन्हा पुन्हा यावयाचा होता.

२० जून १९६० रोजीं महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झालें आणि पुढील तीन-चार दशकांत खांब खेडोपाडीं पोंचले. नगर जिल्ह्यांत तर मुळा-प्रवरा या सहकारी संस्थेनें कांहीं तालुक्यांतील वीजवाटपाचें काम २०११ पर्यंत केलें. परंतु खांब पोंचला म्हणजे वीज पोंचली असेंही नव्हे. अवर्षणाच्या मुलुखांत विहिरीस पाणी असून मोटारीस पुरेसा दाब नसेल तर तें पाणी पाताळांतच राहतें. म्हणूनच राळेगणसिद्धीस, जेथें १९७५ पासून पाणी अडविण्याचें काम चाललें होतें तेथें, अण्णा हजारे यांस १९८९ मध्यें शेतकऱ्यांच्या विजेसाठीं उपोषणास बसावें लागलें. पाणी गांवानें आपल्या श्रमानें मिळविलें. पण तें उपसण्याची किल्ली खांबाच्या दुसऱ्या टोकाला, गांवाबाहेर होती.

आतां कांचेकडे वळूं. जुन्या खांबांवर तार थेट लाकडास किंवा लोखंडास बांधीत नसत. मध्यें कांचेची किंवा चिनी मातीची वाटी बसवीत. कांच विजेस वाट देत नाहीं हें तिचें कारण. म्हणजे शंभर वर्षें खांबावर कांचेचें काम वीज अडविण्याचें होतें. याच कांचेनें पुढें संदेश वाहून न्यावा, हा इतिहासाचा मोठा विलक्षण खेळ आहे. पंजाबांतील मोगा येथें जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनीं लंडन येथें हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्याबरोबर १९५४ मध्यें कांचतंतूंच्या जुडग्यांतून चित्र एका टोकाहून दुसऱ्या टोकास नेऊन दाखविलें. चार्ल्स काओ यांनीं १९६६ मध्यें असें प्रतिपादन केलें कीं, कांचेंतील अशुद्ध द्रव्यें काढून टाकलीं तर तिच्यांतून लांबवर संदेश पाठवितां येतील. या कार्याबद्दल त्यांस २००९ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीनें १९७० मध्यें जो धागा तयार केला त्यांत एक किलोमीटर अंतर कापल्यावर प्रकाशाचा शंभरावा हिस्सा शिल्लक राही, आणि तेवढेंही त्या वेळीं मोठें यश मानलें गेलें. आजच्या चांगल्या धाग्यांत त्याच अंतरानंतर शंभरांतील पंचाण्णव भाग प्रकाश उरतो. धाग्याची जाडी मिलिमीटरच्या आठव्या हिश्श्याएवढी, म्हणजे केंसाहून थोडी अधिक. आपल्या देशांत दोन दूरध्वनि-केंद्रें जोडण्यासाठीं कांचतंतूचा पहिला उपयोग १९७९ मध्यें झाला, आणि तो पुण्यांत झाला, ही महाराष्ट्रास अभिमानाची गोष्ट आहे.

कांच वीज वाहत नाहीं, म्हणून शेजारच्या वीजवाहिनीचा तिच्यांतील संदेशावर परिणाम होत नाहीं. शंभर वर्षांचें वैर अशा रीतीनें मिटलें, आणि बातमीच्या तारेस उजेडाच्या खांबावर चढण्यास शास्त्राची हरकत उरली नाहीं. ही केबल खांबावर नेण्याच्या रीति मुख्यतः चार आहेत. एक अशी कीं, केबलीच्या अंगासच पोलादी तार जोडलेली असते आणि सगळा ताण ती पोलादी तार सोसते. दुसरी अशी कीं, खांबांवर आधींच ताणलेल्या आधाराच्या तारेस किंवा जुन्या केबलीस नवी केबल बारीक तारेनें गुंडाळून बांधतात. तिसऱ्या रीतींत केबलींत धातूचा अंशही नसतो. आरामिड नांवाचे चिवट धागे तिचा भार सोसतात, आणि ही केबल वीजवाहिनीच्या सान्निध्यास विशेष योग्य. चौथी रीत मोठ्या मनोऱ्यांची: त्यांच्या शेंड्यावर विजेपासून संरक्षणासाठीं जी तार असते तिच्याच पोटांत कांचेचे धागे घालतात.

यांतील अडचणी पुस्तकी नाहींत. ज्याचा पाय शिडीवर आहे त्यास त्या ठाऊक असतात. केबल बांधावयाची ती विजेच्या तारांच्या पुष्कळ खालीं, म्हणजे केबलीचें काम करणाऱ्याचा हात चुकूनही जिवंत तारेस लागूं नये. आणि तरीही ती रस्त्यापासून इतकी उंच पाहिजे कीं उसाची अगर कडब्याची भरलेली गाडी खालून सुखरूप जावी. विजेच्या साध्या तारांसच रस्ता ओलांडतांना किमान ५·८ मीटर उंची असावी असा १९५६ च्या नियमांचा दंडक होता. आठ-नऊ मीटरांच्या खांबाचा कांहीं भाग जमिनींत जातो. मग उरलेल्या उंचींत दिवा, विजेच्या तारा, मधलें सुरक्षित अंतर आणि ही नवी केबल हीं सर्व बसवावयाचीं. त्यांत उन्हाळ्यांत तारा तापून लांब होतात, त्यांस झोल पडतो, आणि हिवाळ्यांत मोजलेलें अंतर वैशाखांत कमी भरतें. केबलीचें वजन थोडें असलें तरी वळवाच्या वाऱ्यांत तिच्यावर पडणारा जोर थोडा नसतो; तो सारा खांबाच्या बुडाशीं येतो. खांब आधींच कलता असेल तर दोन्ही सेवा एकदम जमीनदोस्त होतात. शिवाय कांचेचा धागा फार वांकविला तर त्यांतील प्रकाश बाहेर निसटतो. म्हणून दोऱ्यासारखी गांठ मारून तो कोठेंही टांगतां येत नाहीं. हीं सर्व पथ्यें पाळावयाचीं तर खांब कोणाचा, तपासणार कोण आणि अपघात झाला तर जबाबदार कोण, हें आधीं ठरलें पाहिजे.

परंतु आपल्याकडे प्रथा पडली ती उलट. १९९१ नंतर घरोघरीं केबल दूरदर्शनाचा प्रसार झाला. गल्लींतील केबलवाल्यानें आपली केबल खांबावरून गच्चीवर, गच्चीवरून झाडावर आणि झाडावरून पुन्हा खांबावर नेली, व पुष्कळ ठिकाणीं कोणाची परवानगी घेतली नाहीं. १९९५ मध्यें या धंद्यासाठीं कायदा झाला, पण खांबावरील गुंता तसाच राहिला. आज शहरांतील एखाद्या खांबाकडे मान वर करून पाहिलें तर त्यांतील कोणती तार जिवंत, कोणती मृत आणि कोणती कोणाची, हें वायरमनासही सांगतां येईल कीं नाहीं याची शंका वाटते.

सरकारी योजनेंत हा विषय आला तो पुढें. प्रत्येक ग्रामपंचायतीपर्यंत कांचतंतु नेण्याची योजना केंद्र सरकारनें ऑक्टोबर २०११ मध्यें मंजूर केली. तीच पुढें भारतनेट या नांवानें ओळखली जाऊं लागली. प्रारंभीं भर होता तो जमिनीखालून केबल नेण्यावर. जमिनीखालची केबल वाऱ्यापासून सुरक्षित, पण ती पुरावयास वेळ लागतो, आणि रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राच्या दातांपुढें तिचें कांहीं चालत नाहीं. म्हणून २०१७ मध्यें मंजूर झालेल्या दुसऱ्या टप्प्यांत विजेच्या खांबांवरून केबल नेण्याचा मार्गही मोकळा केला. महाराष्ट्रांत हें काम महानेट या नांवानें राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान महामंडळाकडे, म्हणजे महाआयटीकडे, आलें. ऑगस्ट २०२३ मध्यें सुमारें १ लाख ३९ हजार कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर झाली. तींत पंचायतीपलीकडे, जेथून मागणी येईल त्या खेड्यांपर्यंत जाण्याचा संकल्प आहे. खांब वापरण्याचे नियमही सोपे झाले. २०२२ च्या नियमांत अशा केबलीसाठीं प्रत्येक खांबामागें वर्षास १०० रुपये हा आकार ठरविला गेला. पुढें १८८५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठीं २०२३ चा दूरसंचार कायदा आला, आणि मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून अमलांत आले. ज्या तारेसाठीं खांबाचा जन्म झाला ती तार-सेवा तर जुलै २०१३ मध्येंच बंद झाली. तिच्यासाठीं निर्माण केलेला अधिकार मात्र तिच्यामागें जिवंत राहिला.

येथें विचार करण्याजोगा प्रश्न उभा राहतो. वर्षाचे शंभर रुपये ज्याच्या ताब्यांत खांब त्यास मिळतात. खांब वीज-कंपनीचा, त्यावरील रस्त्याचा दिवा पंचायतीचा, खालची जमीन कधीं गांवची तर कधीं शेतकऱ्याची, आणि केबल तिऱ्हाइताची. चौघांच्या या भागीदारींत गांवाचा वाटा कोणता? पंचायतीच्या कचेरींत पेटी बसली, हिरवा दिवा लागला, कागदोपत्रीं गांव जोडलें गेलें. परंतु शाळेंत, आरोग्य-उपकेंद्रांत व घराघरांत तो प्रकाश पोंचला नाहीं, तर दौंडच्या त्या आकाशवाणीहून याची योग्यता ती काय अधिक?

यावर असें उत्तर देतील कीं, प्रत्येक गांवास विचारीत बसलें तर केबल पुढें सरकणारच नाहीं; एखादें गांव अडून बसेल आणि पलीकडचीं दहा गांवें अंधारांत राहतील. हा आक्षेप पोकळ नाहीं. सार्वजनिक मार्ग एकाच्या हट्टानें अडूं नये हें १८८५ च्या कायदेपंडितांसही कळत होतें. परंतु अडविण्याचा अधिकार आणि विचारला जाण्याचा अधिकार या दोन भिन्न गोष्टी आहेत. आपल्या शिवारांत किती खांब आहेत, त्यांवर कोणाच्या केबली आहेत, त्यांतील मोडकळीस आलेले किती, केबल टाकणाऱ्यानें गांवांतील कोणत्या संस्थांस जोडणी देण्याचें कबूल केलें आणि खांब पडला तर कोणास बोलवावयाचें, एवढी एक नोंदवही पंचायतीनें ठेवावी आणि ती वर्षांतून एकदां ग्रामसभेपुढें वाचावी. यानें कोणाची केबल अडणार नाहीं. मात्र खांबावर काय चाललें आहे तें गांवास कळेल, आणि जें कळतें त्याविषयीं जाब विचारतां येतो.

येथेंच राळेगणसिद्धीचें स्मरण होतें. त्या गांवानें काय केलें? ओढ्यावर बांध घातले हें तर झालेंच; पण बांध पुष्कळ गांवांनीं घातले. राळेगणनें पाण्याबरोबर नियमही बांधले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, कुटुंबनियोजन आणि श्रमदान हीं पांच सूत्रें पाळावयाचें ठरविलें. अडलेलें पाणी सर्वांचें आहे, तेव्हां ऊसासारखें पाणी पिऊन टाकणारें पीक एकट्यानें घ्यावयाचें नाहीं, हें सर्वांनीं मिळून ठरविलें. सामायिक वस्तु आणि सामायिक नियम यांची सांगड तेथें बसली. पुढें याच गांवचे अण्णा हजारे माहितीच्या अधिकारासाठीं ऑगस्ट २००३ मध्यें मुंबईस आझाद मैदानावर उपोषणास बसले. राज्याचा त्याविषयींचा कायदा झाला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा लागू झाला. आणि शेतीस दिवसा वीज मिळावी म्हणून राज्य सरकारनें २०१७ मध्यें मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजना सुरू केली तेव्हां तिच्या पहिल्या प्रयोगासाठीं जीं गांवें निवडलीं त्यांत राळेगणसिद्धी होतें. ज्या गांवास १९८९ मध्यें विजेसाठीं उपास करावा लागला त्याच्याच शिवारांत वीज निर्माण करण्याचा हा प्रयत्न.

माहितीचा अधिकार कायद्यानें मिळाला. माहिती वाहून नेणारा कांचेचा धागा आतां खांबावरून येत आहे. अधिकार आणि साधन हीं दोन्ही एकाच गांवांत भेटावयाचीं तर मध्यें एक वस्तु लागते, ती म्हणजे गांवाची स्वतःची व्यवस्था. पाणलोटाचें पाणी जसें वरच्या शेतांतून खालच्या शेताकडे जातें, तसा हा खांबही एका शिवारांतून दुसऱ्या शिवारांत जातो. त्याची काळजी ज्यानें त्यानें आपल्या हद्दींत घेतली तरच शेवटच्या वस्तीस त्याचा उपयोग. पाऊस पडला म्हणजे तो अडवावा, ही शिकवण राळेगणनें महाराष्ट्रास दिली. आतां डोक्यावरून जो प्रकाश धांवतो आहे तोही पुढें पुढें वाहून जाऊं न देतां आपापल्या शाळेंत आणि घरांत मुरविण्याचा उद्योग गांवांनीं करावयाचा आहे. आणि त्याचा आरंभ वेशीवरच्या खांबाकडे एकदां मान वर करून पाहण्यापासून झाला तरी पुरे.